पहिली पात

रंभाबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या माहेरी माल्याला गेल्या त्याला तीन पावसाळे होऊन चौथा लागत होता, आणि तरी आमच्या भरे गावातली एकही बाई आवणीला पहिली पात धरायला तयार नव्हती.

आवणी म्हणजे तरव्यातलं, रोपांच्या वाफ्यातलं, भाताचं रोप उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायचं. बाया ओळीनं वाकून उभ्या राहतात आणि लावत लावत मागे सरतात. जिच्या वाट्याला जी पट्टी येते ती तिची पात. बांधालगतची पात पहिली. ती धरणारीनं ओळीची चाल राखायची, गाणं उचलायचं, कंबर कधी सरळ करायची ते ठरवायचं. सांगायचं असं काही नसतं. ती उठली की सगळ्या उठतात.

ती पात जाऊबाईंची. तिला लागून दुसरी माझी.

थोरले दीर वारून पुष्कळ वर्षं झालेली, जाऊबाईंच्या पोटी काही नव्हतं. माल्याला त्यांची भावजय बाळंतपणात गेली आणि तान्ही पोर मागे राहिली. तेव्हा भावाचा निरोप आला आणि त्या नेसत्या लुगड्यानिशी निघाल्या. मला म्हणाल्या, भादव्यात येते, गौरी बसवायच्या आधी. त्या गौरी आल्या नि गेल्या. त्यानंतरच्या दोन वर्षांच्याही.

मी वाघजाईला रोज सकाळी दिवा लावते, त्याशिवाय पाणी घेत नाही. हे व्रत लग्न होऊन आले तेव्हापासूनचं. जाऊबाई गेल्या त्या चातुर्मासात मी आणखी एक धरलं, जेवताना बोलायचं नाही, आणि ते पुढंही सोडलं नाही. लोक म्हणाले, केवढी भक्ती. भक्ती कसली, चुलीपाशी आम्ही दोघी शेवटी जेवायला बसायचो, ताटं पुढ्यात घेऊन दिवसभराचं बोलायचो. आता समोर भिंत. भिंतीशी काय बोलायचं, म्हणून देवाला वाहून टाकलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वैशाखात पौडच्या शाळेत गावपुढाऱ्यांचं शिबिर भरलं. नवी पंचायत व्हायची होती आणि तिच्यात बायकांनाही दोन जागा होत्या. मी मराठी चौथी शिकलेली, म्हणून ग्रामसेवकांनी माझं नाव दिलं. आमच्या घरचे म्हणाले, जा, पण तिथं काही बोलायची पाळी आली तर कसं? माझा आवाज असा की शेजारच्या खोलीतल्या माणसालाही पोचत नाही. मी म्हटलं, ऐकायचंच आहे, ऐकून येईन.

शिकवायला पुण्याच्या लीलाबाई होत्या. बोलून बोलून त्यांचा घसा बसलेला, तोंडात सदा लवंग. पण समजावण्याची हातोटी मोठी गोड. पुढारीपण म्हणजे काय, यावर विद्वानांनी आजवर काय काय विचार केला ते त्या गोष्टीसारखं सांगत.

पहिल्या दिवशी म्हणाल्या, फार पूर्वी लोक असं मानत की पुढारी जन्मावाच लागतो. देवानं काही थोर माणसं घडवून धाडली, त्यांनी जग चालवलं, बाकीचे मागे चालले. हे ऐकून आमच्या गावचे गेणबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "म्हंजे पाटलाच्या पोटी पाटील, त्योच कायदा झाला की बाई." सगळे हसले, लीलाबाईही हसल्या. म्हणाल्या, थांबा गेणबा, दुसरे विद्वान येताहेत. त्यांनी म्हटलं, कोणाच्या पोटी ते राहू द्या, गुण बघू या. उंची बघा, आवाज बघा, बुद्धी, धीर, बोलण्याचं वजन. पुष्कळ पुढाऱ्यांचे गुण गोळा केले, पण एकाचे गुण दुसऱ्याशी जुळेनात. कोणी उंच, कोणी बुटका. कोणी बोलका, कोणी घुमा.

बाकीचे लिहून घेत होते. मी मनातल्या मनात जाऊबाईंना त्या मापाला लावून बघत होते. उंची? माझ्या खांद्याला लागायच्या. आवाज मात्र होता, एका खाचरातून तिसऱ्या खाचरात जाईल असा. धीर होता म्हणावा, तर चहाला उशीर झाला की आदळआपट. बुद्धीचं मला ठरवता येईना. अक्षरओळख नव्हती, पण रोप हातात घेऊन सांगायच्या की हे आज लावू नका, उद्या लावा.

खरं तर मला शिकायचं नव्हतंच. त्यांची आठवण काढायला एक जागा मिळाली होती, इतकंच. घरात त्यांचं नाव काढलं की आमच्या घरचे गप्प होत. इथे तीन दिवस कोणी काही म्हणणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लीलाबाईंनी पोरांची गोष्ट सांगितली. परदेशात एका विद्वानानं मुलांच्या टोळ्या केल्या आणि त्यांना मुखवटे करायला बसवलं. एका टोळीचा म्होरक्या हुकूम सोडणारा, हे कर, ते करू नको. दुसरीचा म्होरक्या मुलांना विचारून, त्यांच्यात बसून काम करणारा. तिसरीचा नुसता बसून राहणारा, करा काय करायचं ते. काही वेळानं म्होरके खोलीबाहेर गेले. हुकमाच्या टोळीचं काम थंडावलं. विचारून चालणाऱ्या टोळीचं काम चालूच राहिलं.

"म्हणून," लीलाबाई म्हणाल्या, "पुढारी कसा होता हे तो गेल्यावर कळतं."

ते मला लागलं. त्या दुपारी भाकरी तशीच फडक्यात बांधून ठेवली. मौन होतं म्हणून कोणी विचारलं नाही. जाऊबाई गेल्या आणि आमची ओळ विसकटली, म्हणजे त्या हुकूम करणाऱ्या ठरतात का? त्यांनी तर कोणाला साधं सरक म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी लीलाबाई हातपाय धुवायला आडावर आल्या तेव्हा मी पाणी शेंदून दिलं आणि कसंबसं विचारलं. पुढारी गेल्यावर काम थांबलं तर तो पुढारी वाईट का?

"थांबलंय का तुमच्याकडचं काम?"

"काम होतंय," मी म्हटलं. "गाणं थांबलंय."

त्या पायावर पाणी घेता घेता थांबल्या. म्हणाल्या, त्या पोरांच्या टोळ्यांत गाणं नव्हतं, रत्नाबाई, त्यामुळे मला सांगता यायचं नाही. उद्याचं ऐका.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या की अलीकडचे विद्वान म्हणतात, पुढारी माणसात शोधू नका, प्रसंगात शोधा. पुरात एक पुढे होतो, लग्नात दुसरा. तोच माणूस एका गावात पुढारी आणि दुसऱ्या गावात कोणी नाही. आणि शेवटी असंही आहे, की मागचे ज्याला पुढे मानतात तोच पुढे. मागच्यांचंही त्यात काही असतं.

मला तेव्हा हे पटलं नाही. जाऊबाई कुठंही गेल्या तरी जाऊबाईच राहणार, असं मला वाटलं.

पुढे ज्येष्ठात लीलाबाई आमच्या गावात आल्या. पंचायतीसाठी बायांची नावं पाहायची होती. वाघजाईच्या देवळापुढे सगळ्या जमल्या. लीलाबाई म्हणाल्या, मी एक प्रश्न विचारते, एकेकीनं येऊन माझ्या कानात उत्तर सांगायचं, दुसरीला कळता कामा नये. प्रश्न असा, की भर दुपारी गवताची गंजी पेटली, गडी माणूस गावात कोणी नाही. तुम्ही पहिली हाक कोणाला माराल?

बायांना ती मोठी मौज वाटली. पदर तोंडाला लावून एकेक गेली, कानाशी लागली, हसत परत आली. धोंडाबाई गेली, पारू गेली, कोंडाबाई गेली. मीही गेले. लीलाबाईंचा चेहरा उजळत चाललेला दिसत होता. शेवटची बाई बसल्यावर त्या उभ्या राहिल्या.

"बायांनो, इतकं एकमत मी कुठल्याच गावात पाहिलं नाही. रंभाबाई कोण? पुढे या."

कोणी उठलं नाही. वडाखाली शेळी खोकली तेवढाच आवाज. मग बायांनी एकमेकींकडे बघितलं आणि जिला तिला कळलं की दुसरीनंही तेच नाव घेतलं.

धोंडाबाई म्हणाली, "ती हितं न्हाई, बाई. माल्याला आसती. तीन वरसं झाली."

"मग तिचं नाव का घेतलंत?"

"तुमी इचारलं हाक कुणाला मारशीला. त्योंडात जे नाव यील तेच सांगणार का न्हाई?"

"पण गंजी पेटली असताना ती माल्याहून कशी येणार?"

"मग जळू द्या," धोंडाबाई म्हणाली, आणि सगळ्या खदखदून हसल्या. मला मात्र हसू येईना. तीन वर्षं मला वाटत होतं की वाट मी एकटीच बघते.

ग्रामसेवक म्हणाले, बाईंचं घर इथलंच आहे, जमीन इथली आहे, परत येऊन राहणार असतील तर अडचण नाही. लीलाबाईंनी माझ्याकडे बघितलं. श्रावणाच्या आत सांगा, म्हणाल्या. बायांनी तिथल्या तिथं ठरवलं की मी माल्याला जायचं आणि जाऊबाईंना घेऊनच यायचं. मी वाघजाईपुढे पाच पानांचा विडा ठेवला आणि म्हटलं, आई, तीन वर्षं मागतेय, आता तर गावानं कारण पण दिलं.

पण ज्येष्ठाची कामं निघाली, मग आषाढ लागला, आवणी सुरू झाली. निम्मी अधिक खाचरं झाली तेव्हा आमच्या घरच्यांनी एक दिवसाची मोकळीक दिली. पाच भाकऱ्या, लसणाची चटणी आणि त्यांच्या आवडीचे कुळथाचे शेंगोळे डब्यात घेऊन मी सकाळच्या मोटारीनं निघाले. पौडच्या पुढे डोंगर जवळ येतात, पाऊसही दाट होतो. माल्याच्या फाट्याला उतरले आणि दुरूनच गाणं ऐकू आलं.

काळीज असं उडालं की पायातला चिखल कळेना. बांधाबांधानं मी आवाजाकडे चालू लागले. जवळ जाते तो गळा कोवळा. पहिल्या पातीवर भावकीतली कोणी तरणी सून होती, पाठीवरचं पानांचं इरलं मागे सारून मोकळ्या आवाजात म्हणत होती. तिच्या शेजारी जाऊबाई नव्हत्या. त्यापुढच्या पातीवरही नव्हत्या. मी ओळीवरून नजर फिरवत गेले आणि पार शेवटच्या पातीवर थांबले. बुटकी बाई, मान खाली, ओठ मिटलेले.

तिकडची रीतच तशी होती. आमच्याकडचीही तीच आहे, पण माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. पहिली पात सुनेची. माहेरी राहिलेली लेक वयानं कितीही थोर असो, ती शेवटची पात धरते आणि गाणं उचलत नाही. ज्यांच्या घरचं पीक, त्यांच्या सुनेचं गाणं.

मी डबा बांधावर ठेवला, लुगडं खोचलं आणि ओळीच्या शेवटी त्यांच्या पलीकडे उतरले. त्यांनी बघितलं. हातातली रोपं तशीच राहिली, मग त्यांनी निम्मी मूठ काढून माझ्या हातात दिली.

"वाळलीस," त्या म्हणाल्या.

"तुमी पन," मी म्हटलं.

बराच वेळ आम्ही नुसत्या लावत राहिलो. खांद्याला खांदा लागत होता. मला वाटलं, हे एवढं खाचर संपूच नये. मग मी हळूहळू सगळं सांगितलं. शिबिर, लीलाबाई, थोर माणसं, गुण, मुखवटे करणारी पोरं, देवळापुढची गंजी. गेणबांच्या मिशीचं ऐकून त्या हसल्या. धोंडाबाई जळू द्या म्हणाली ते ऐकून इतक्या हसल्या की पुढची सून वळून बघायला लागली. तसं त्यांनी लगेच तोंड मिटलं. ते मला बघवलं नाही. आमच्याकडे त्या हसल्या की ओळ हसायची.

"मग येताय न्हवं?" मी विचारलं. "समदं गाव वाट बघतंय. म्या बी."

त्यांनी पुढची मूठ लावली. खाचराच्या कडेशी सरत आलो, कंबर सरळ केली. तेवढ्यात बांधावरून एक चिमुरडी धावत आली, त्यांच्या चिखलाच्या पायांना मिठी मारली आणि आये, भूक, म्हणाली. आत्या नाही. आये. जाऊबाईंनी कोपरानंच तिचे केस मागे सारले. हात चिखलाचे होते.

मला उत्तर मिळालं होतं, तरी त्यांनी ते तोंडानंही दिलं. बांधावर बसून तिला माझ्या डब्यातले शेंगोळे भरवत त्या म्हणाल्या, "न्हाई जमायचं, रत्ने. हिला सोडून न्हाई, आन हिला घिऊन दादा पाठवायचा न्हाई."

"हितं तुमी शेवटच्या पातीवर."

"मग? कुनीतरी शेवटची धरायचीच की." पोरीला पुढचा घास देत म्हणाल्या, "आन म्या काय जन्माची म्होरली न्हवं. तितं पात व्हती, तुमी समद्या व्हता. आन तू शेजारी व्हतीस."

"म्या काय केलं?"

"तू पुटपुटायचीस. रोज. रोप लावताना आपली एक ओळ वठात घोळवायचीस. माझ्याच कानाला यायचं ते. मी तेच उचलून वरडायची. मला गानी येत्यात कुटं?"

मी भाकरी मोडून त्यांच्या पुढ्यात ठेवली. हे खरं की मला मोकळ्या हातानं परत पाठवायला नको म्हणून बोलल्या, ते आजही मला ठाऊक नाही. मी त्यावेळी मानलं नाही. जेवताना माझं मौन, ते मी आधीच सांगितलं होतं, म्हणून त्याही बोलल्या नाहीत. आम्ही दोघी एका डब्यात जेवलो. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या समोर भिंत नव्हती, आणि बोलायचं नाही असं मीच देवाला सांगून बसले होते.

मोटारीपर्यंत त्या आल्या नाहीत. खाचरातूनच हात वर केला आणि पुन्हा वाकल्या.

सोमवारी लीलाबाई आल्या. देवळापुढे मी सांगितलं की रंभाबाई येणार नाहीत, मागे लहान पोर आहे. लीलाबाईंनी मऊ आवाजात सांगितलं की जे माणूस हजर नाही त्याला पंचायतीत बसवता येत नाही, दुसरी नावं द्या. कोणीतरी धोंडाबाईचं नाव घेतलं. दुसरं कोणी माझं घेतलं, शिबिराला मीच गेले होते म्हणून. तेवढ्यात गेणबा, जे लांबून ऐकत होते, म्हणाले की रत्नाबाई बसतील खऱ्या, पण त्या बोललेलं पंचायतीला ऐकू कसं जाणार?

धोंडाबाईनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "तिनं पुटपुटावं, मी वरडीन. रंभा तेच करायची."

माल्याचं हे बोलणं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. म्हणजे धोंडाबाईला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक असणार, मी सोडून. बाया माना डोलवत होत्या, जशी काही रोजचीच गोष्ट. लीलाबाईंनी माझ्याकडे बघून लवंग एका गालातून दुसऱ्या गालात नेली. दोन नावं झाली.

मला आनंद व्हायला हवा होता. मी देवीपुढे दिवा लावला तेव्हा मागणं मात्र तेच आलं तोंडात. जाऊबाई येऊ देत. गावाला पंच मिळाल्या होत्या, मला काही मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठचं शेवटचं खाचर होतं. ओळ उभी राहिली. मी माझ्या दुसऱ्या पातीवर, डाव्या हाताला धोंडाबाई. उजवीकडे बांधापर्यंत जागा मोकळी. कोणी कोणाला सरक म्हटलं नाही. पाऊस बारीक होता. काही वेळ नुसता चिखलात बोटं रुतल्याचा आवाज, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी पुटपुटते आहे.

तरव्याचं माझं रोप गं, खाचरात रुजलं.

मी थांबले. पुन्हा पुटपुटले, या वेळी जाणून. उजव्या कानानं ऐकत होते, सवयीनं. तिकडून काही येणार नव्हतं. आलं ते डावीकडून. धोंडाबाईचा गळा म्हणजे फुटकी घागर, सुराचा आणि तिचा छत्तीसचा आकडा, पण तिनं ओळ उचलली आणि खाचराच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन टाकली. पारू हसली आणि म्हणू लागली. मग कोंडाबाई. मग सगळी ओळ.

तीन वर्षांनी आमच्या खाचरात गाणं उठलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली. हात चिखलाचे, पुसणार कशानं? माल्याला आत्ता या वेळी पाऊस असेल का, त्यांनी इरलं घेतलं असेल का, एवढंच मनात येत होतं.

धोंडाबाई म्हणाली, वहिनी, म्होरलं सांगा, माझं संपलं. मी पुढची ओळ पुटपुटले, एक मूठ माझ्या पातीत लावली, आणि वाकल्या वाकल्याच उजवीकडे हात लांब करून एक मूठ जाऊबाईंच्या पातीत लावली. मग मागे सरले. पुन्हा एक माझी, एक त्यांची. मागच्या बांधापर्यंत दोन्ही पाती मीच लावत गेले.